गॅरी पॉलसन आणि 'हॅचेट': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरी पॉलसन कोण? नाव ऐकल्यासारखं वाटतं पण नीट आठवत नाही.

अमेरिकन लेखक, मुलांसाठी आणि टीनएजर मंडळींसाठी साहसकथा लिहिणारा. जन्म १७ मे १९३९, मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसमध्ये, मृत्यू १३ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत, वयाच्या ८२ व्या वर्षी. दोनशेच्या वर पुस्तकं लिहिली. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्याचं नाव बहुतेक वेळा मुलांच्या दप्तरातून येतं, कारण त्याची 'हॅचेट' (म्हणजे छोटी कुऱ्हाड) ही कादंबरी तिकडच्या कितीतरी शाळांत सहावी-सातवीच्या आसपास वर्गात वाचून घेतात, मग पोरगं जेवताना साळिंदराचे काटे आणि कासवाची अंडी असलं काहीतरी बोलायला लागतं आणि आई-बाबा विचारतात हे नक्की काय शिकवतायत शाळेत. इकडेही इंग्लिश मीडियमच्या मुलांपर्यंत ते पोचलंय. त्यामुळे खालचे बरेच प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे आहेत.

त्याचं बालपण फार वाईट गेलं म्हणतात. काय झालं होतं?

वाईट गेलं हे कमीच आहे. वडील सैन्यात, दुसरं महायुद्ध चालू, त्यामुळे सात वर्षांचा होईपर्यंत त्यानं बापाला पाहिलंच नव्हतं. आई शिकागोला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, आणि संध्याकाळी ती या एवढ्याशा पोराला बारमध्ये घेऊन जायची आणि टेबलावर उभं करून गाणी म्हणायला लावायची, लोकांचं लक्ष आपल्याकडे यावं म्हणून. ही गोष्ट आजीच्या कानावर गेली, आणि तिनं पाच वर्षांच्या मुलाला शिकागोहून एकट्याला ट्रेनमध्ये बसवून मिनेसोटाच्या पार उत्तरेला पाठवायची व्यवस्था केली. पाच वर्षांचं पोर, एकटं, युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांनी भरलेल्या गाडीत.

तिकडे नातेवाईकांच्या शेतावर जे दिवस मिळाले तेच त्याच्या आयुष्यातले पहिले सुखाचे दिवस. अळंबी गोळा करणं, होडी वल्हवणं, गुरांचं काम, स्वतःची वेगळी खोली. त्याची बहुतेक सगळी पुस्तकं या शेतावर आणि आसपासच्या रानावर उभी आहेत असं मला वाटतं.

मग १९४६ मध्ये आईबरोबर बोटीनं फिलिपिन्सला, वडिलांकडे मनिलाला. वाटेत समुद्रात एक विमान पाण्यावर उतरताना कोसळलं आणि त्यातल्या माणसांवर शार्क तुटून पडले, हे त्यानं बोटीवरून डोळ्यांनी पाहिलं असं त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय. सात वर्षांचा होता. मनिला युद्धानं उद्ध्वस्त झालेली. परत अमेरिकेत आल्यावर आईबाप दोघंही पूर्ण दारूच्या आहारी, घरात रोज भांडणं, आणि हा थीफ रिव्हर फॉल्स नावाच्या गावात इमारतीच्या तळघरात बॉयलरशेजारी झोपतोय, बोलिंग ॲलीमध्ये पिन्स उभ्या करून चार पैसे मिळवतोय, पेपर विकतोय, जमेल तेव्हा रानात पळून जाऊन शिकार करतोय आणि तेच खातोय. चौदाव्या वर्षाच्या आसपास घरातून पळाला, नॉर्थ डकोटात बीटाच्या शेतांत मेक्सिकन मजुरांबरोबर राबला, मग फिरत्या जत्रेबरोबर फिरला.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगायचं कारण असं की 'हॅचेट'मधला मुलगा रानात एकटा पडतो ही लेखकाला सुचलेली भन्नाट आयडिया वगैरे नाही. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी वाऱ्यावर सोडलंय त्यानं पोट कसं भरायचं हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता, रोजचा.

लायब्ररीत ऊब घ्यायला शिरला आणि लेखक झाला, ही गोष्ट खरी का?

शिरला हे खरं, लगेच लेखक झाला हे नाही. त्यानं ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. उत्तर मिनेसोटाची थंडी म्हणजे शून्याखाली वीस-तीस अंश सहज, आणि हा संध्याकाळी पेपर विकत फिरायचा. गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या खिडक्यांमधून उजेड दिसला म्हणून फक्त अंग शेकायला आत गेला. लायब्रेरियन बाईंनी विचारलं, पुस्तक हवंय का? आणि त्याच्या नावाचं कार्ड करून दिलं. शाळेत नापास होणारा, अंगावर धड कपडे नसलेला मुलगा, त्याच्या हातात स्वतःचं नाव छापलेलं काहीतरी पहिल्यांदा आलं.

पहिलं पुस्तक वाचायला त्याला खूप दिवस लागले कारण वाचायची सवयच नव्हती, पानाच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरायचा. मग वेग वाढत गेला, बाई प्रत्येक वेळी पुढचं पुस्तक काढून ठेवायच्या, मध्येच एखादं अवघड द्यायच्या, आणि पुढे त्यांनीच त्याला वही आणि पेन्सिली दिल्या, लिही म्हणून. कोणतंही भाषण नाही, उपदेश नाही. पुढे शाळांत मुलांशी बोलायला जायचा तेव्हा तो सांगायचा की लांडगा खातो तसं वाचा. मला विचाराल तर आपल्याकडे गावोगावी जी सार्वजनिक वाचनालयं अजून तग धरून आहेत तिथल्या काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग वाचायला पाहिजे. २०२१ मध्ये आलेल्या 'गॉन टू द वुड्स' या आठवणींच्या पुस्तकात तो सविस्तर आहे. त्या अख्ख्या पुस्तकात तो स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'तो मुलगा' म्हणतो.

मग लेखनाकडे कसा वळला?

आडवळणानं. रानात सापळे लावून मिळालेल्या पैशांतून बेमिजीच्या कॉलेजची फी भरली, तिथे जमलं नाही. १९५९ ते ६२ सैन्यात. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचं आणि क्षेपणास्त्रांचं काम शिकून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गोल्डस्टोनला, जिथे अवकाशयानांचा मागोवा घेतात, तिथे चांगल्या पगाराची नोकरी. एका रात्री स्क्रीनसमोर बसल्या बसल्या त्याला कळलं की आपल्याला लिहायचंय, आणि तो उठला, आपला पास जमा केला आणि नोकरी सोडून हॉलिवूडला गेला. तिकडे एका मासिकात काम मिळवलं, एडिटर लोकांकडून वाक्य कसं लिहायचं ते शिकला, मग मिनेसोटात तळ्याकाठची एक केबिन भाड्यानं घेऊन लिहीत बसला.

१९६६ ला पहिलं पुस्तक आलं. पण यशाला त्यानंतर जवळपास वीस वर्षं लागली. मधल्या काळात दारू लागली, आईबापांचीच वाट, ती त्यानं १९७३ मध्ये सोडली. १९७७ च्या एका कादंबरीवरून अब्रुनुकसानीचा दावा लागला, प्रकरण मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जिंकला पण पैशानं पूर्ण धुऊन निघाला आणि काही काळ लिहिणंच बंद केलं. त्या काळात बायको रूथ आणि लहान मुलगा घेऊन तो परत मिनेसोटाच्या रानात गेला, सापळे लावून बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) पकडून राज्याकडून मिळणाऱ्या पैशांवर घर चालवत होता. रूथ स्वतः चित्रकार, पुढे त्याच्या अनेक पुस्तकांत तिची चित्रं आहेत.

'हॅचेट'ची गोष्ट थोडक्यात सांगाल का? (ज्यांना शेवट नकोय त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जा.)

तेरा वर्षांचा ब्रायन रोबसन. आईबाबांचा नुकताच घटस्फोट झालाय, आणि आईबद्दलची एक गोष्ट त्याला माहीत आहे जी बाबांना माहीत नाही. सुट्टीत बाबांकडे कॅनडाच्या उत्तरेला तेलक्षेत्रात निघालाय, छोट्याशा विमानात, फक्त हा आणि पायलट. पायलटला हार्ट ॲटॅक येतो. इंधन संपेपर्यंत विमान जातं आणि ब्रायन ते कसंबसं जंगलातल्या एका तळ्यात उतरवतो, एल आकाराचं तळं आहे. विमान बुडतं. त्याच्याकडे उरतं काय, तर निघताना आईनं दिलेली, पट्ट्याला अडकवलेली छोटी कुऱ्हाड. बास.

पुढचे ५४ दिवस तो कसा जगला ते पुस्तक आहे. डास अंगाचं सालटं काढतात, नको ती बेरी खाऊन पोट बिघडतं, रात्री गुहेत साळिंदर शिरतं आणि पायात काटे घुसतात. त्याच रात्री तो रडतो, खूप वेळ रडतो, आणि रडून झाल्यावर बघतो तर काहीच बदललेलं नाही, पाय तसाच दुखतोय, अंधार तसाच. ते अर्धं पान मुलांना मोठेपणीही आठवतं, हे मी अनेकांकडून ऐकलंय. आग, मासे, पक्षी, मूस नावाच्या प्रचंड जनावराचा हल्ला, वादळ, आणि वादळानं विमानाचं शेपूट पाण्यावर येणं असं करत करत तो त्यातली आपत्कालीन पेटी मिळवतो, त्यातल्या ट्रान्समीटरचा सिग्नल एका फर विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या विमानाला लागतो आणि सुटका होते. आणि ती आईबद्दलची गोष्ट? ती तो बाबांना शेवटपर्यंत सांगत नाही.

यातलं खरंच शक्य आहे का, की फक्त कादंबरीत चालतं?

याच प्रश्नामुळे मला पॉलसन एवढा आवडतो. मुलांनी त्याला पत्रं लिहून हेच इतकं विचारलं की त्यानं २००१ मध्ये 'गट्स' नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं, ब्रायनच्या बाबतीत घडलेल्या एकेका गोष्टीमागे माझ्या आयुष्यातलं काय आहे ते सांगणारं.

पायलटचा हार्ट ॲटॅक घ्या. पॉलसन एकेकाळी छोट्या गावात ॲम्ब्युलन्सबरोबर स्वयंसेवक म्हणून जायचा, त्यानं माणसं समोर जाताना पाहिली होती, म्हणून त्या प्रसंगात खांदा चोळणं, पोटात गडबड होणं, मग अचानक कळ येणं हा क्रम इतका नेमका आलाय. मूसच्या हल्ल्याचा अनुभव त्याला स्वतःला होता. मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच होणारं, सांबराच्या कुळातलं जनावर, कोणत्याही कारणाशिवाय अंगावर धावून येतं. घरी केलेल्या धनुष्यानं पक्षी मारणं हे तो लहानपणापासून करत होता.

आग मला सगळ्यात भारी वाटते. ब्रायन साळिंदरावर कुऱ्हाड फेकतो, ती गुहेच्या दगडावर आपटते, ठिणग्या उडतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. पण ठिणगी म्हणजे आग नव्हे. तो आधी वाळकं गवत घेतो, पेटत नाही. काटक्या, नाही. खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे, तेही नाही. शेवटी बर्च झाडाची साल, आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलंच झाड ते, तिचे केसाइतके बारीक धागे काढून गोळा करतो, ठिणगी पडते, लाल ठिपका दिसतो आणि विझतो. मग लक्षात येतं की हवा लागते, फुंकर मारायला पाहिजे. पानंच्या पानं एका जाळासाठी खर्च केलीत आणि वाचताना आपणही श्वास धरून बसतो. पॉलसननं हे स्वतः कुऱ्हाड आणि दगड घेऊन करून पाहिलं, जमेपर्यंत, मग लिहिलं.

आणि कासवाची अंडी. ब्रायन भुकेपोटी ती कच्ची पितो. पॉलसननंही प्रयत्न केला आणि त्याच्या पोटात ती टिकली नाहीत. तरी पुस्तकात ठेवली, कारण ब्रायनइतका उपाशी माणूस काहीही पोटात ठेवील असं त्याचं म्हणणं.

मासे मारण्याचा भाग तर सायन्सच्या शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावा असा आहे. ब्रायन भाला मारून बघतो, मग बाण, आणि दरवेळी नेम चुकतो, मग आठवतं की पाण्यात काठी वाकडी दिसते, म्हणजे मासा दिसतो तिथे नसतो, त्याच्या खाली नेम धरायचा. अपवर्तन हा धडा आपण मार्कांपुरता करतो, याचं त्यावर पोट भरतं.

माझा मुलगा वाचून पेटलाय, त्याला कुऱ्हाड पाहिजे. काय करू?

कुऱ्हाड नको. पण मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मोकळ्या जागेत चूल पेटवायला शिकवा, काडेपेटीनंसुद्धा ओल्या लाकडाची चूल पेटवणं किती अवघड असतं ते एकदा कळू दे. गडावरच्या ट्रेकला न्या, दोर बांधायला शिकवा, पाणी उकळून पिणं, होकायंत्र बघणं, सह्याद्रीत एवढं पुष्कळ आहे. आणि एक स्पष्ट सांगा, की अनोळखी फळं आणि अळंबी तोंडात घालायची नाहीत, ब्रायनला उलट्यांवर भागलं, सगळ्यांना भागेलच असं नाही.

कितव्या वर्षी द्यावं? काही खटकण्यासारखं आहे का?

साधारण दहा-अकराच्या पुढे. दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक म्हणजे पायलटचा मृतदेह पुस्तकात पुढे परत येतो आणि तो प्रसंग भयानक आहे. दुसरी जास्त महत्त्वाची. शोधायला आलेलं विमान त्याला न बघता निघून जातं तेव्हा ब्रायन पूर्ण खचतो आणि त्या रात्री त्याच कुऱ्हाडीनं स्वतःला संपवायचा प्रयत्न करतो, हे पुस्तकात अगदी थोडक्यात येतं आणि त्यातून तो बाहेरही येतो, पण मूल हळवं असेल किंवा घरात तसा काही प्रसंग होऊन गेला असेल तर आधी तुम्ही वाचा आणि मग बरोबर बसून वाचा. लपवू नका मात्र. मला वाटतं पॉलसननं मुलांना कधी खोटं सांगितलं नाही म्हणूनच मुलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

भाषा अवघड आहे का? मराठी मीडियमच्या मुलाला इंग्लिश झेपेल?

झेपेल. वाक्यं छोटी आहेत, शब्द साधे आहेत, आणि तो एकच शब्द दोनदा-तीनदा मुद्दाम म्हणतो, ढोलकीसारखा ठेका धरून. काही समीक्षकांना ही पुनरावृत्ती जास्त वाटते. मला वाटतं घाबरलेला माणूस मनात असाच बोलतो. झाडापक्ष्यांची नावं अडतील, ती अडू देत, गोष्ट थांबत नाही. ज्याला इंग्लिश पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचा आनंद अजून मिळालेला नाही त्याला मी बिनधास्त हेच देईन.

कुत्र्यांच्या शर्यतीत तो खरंच धावला होता?

हो, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा भाग, 'हॅचेट'पेक्षाही.

सापळे लावायच्या दिवसांत बर्फातून लांब लांब पायी जावं लागायचं, तेव्हा कुणीतरी त्याला चार कुत्री आणि एक मोडकी स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी, दिली. कामासाठी कुत्री होती ती. पण एका रात्री, चांदणं पडलेलं, बर्फ गोठलेला, कुत्री आवाज न करता धावतायत, आणि याला घरी वळावंसंच वाटेना. पुढे पुढे जात राहिला, आठवडाभर भटकला. परत आल्यावर त्यानं सापळे बंद केले. ज्या जनावरांबरोबर आपण असे धावलो त्यांच्यासारख्याच जनावरांना मारायचं कसं, असा सरळ हिशोब.

मग १९८३ मध्ये इडिटारॉड, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची शर्यत. अलास्कात अँकरेजपासून बेरिंग समुद्राकाठच्या नोमपर्यंत हजार मैलांच्या वर, म्हणजे सोळाशे किलोमीटरहून जास्त, डोंगर आणि गोठलेल्या नद्या ओलांडत. पॉलसनला तयारीला बर्फ नव्हता तेव्हा त्यानं कुत्री जुन्या गाडीच्या सांगाड्याला जुंपून रस्त्यावर पळवली. शर्यतीला त्याला सतरा दिवसांहून जास्त लागले, झोप नसल्यामुळे भास व्हायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली. पण पूर्ण केली. १९८५ ला परत गेला तेव्हा मध्येच सोडावी लागली. १९९० च्या सुमारास हृदयाचा त्रास निघाला आणि डॉक्टरांमुळे कुत्री सोडावी लागली, तरी साठी ओलांडल्यावर परत कुत्री घेतली आणि २००६ ला परत स्टार्ट लाइनवर उभा राहिला, तीही पूर्ण झाली नाही. 'विंटरडान्स' (१९९४) हे मोठ्यांसाठीचं पुस्तक पहिल्या शर्यतीवर आहे आणि पोट धरून हसवतं.

'वुडसाँग' बद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण त्यात कल्पित काही नाही. १९९० चं, जेमतेम दीडशे पानांचं. सुरुवातीलाच लांडगे हरिणीला पकडतात आणि ती जिवंत असतानाच खायला लागतात, तो बघतोय, काही करू शकत नाही. त्याला राग येतो आणि मग कळतं की रान चूक-बरोबर या भाषेत चालतच नाही.

अस्वलाचा प्रसंग सांगतो. त्याच्या घरामागे कचरा जाळायची जागा होती, तिथे अस्वलं यायची, त्यातल्या एकाच्या डोक्यावर जखमेची खूण म्हणून त्याचं नाव स्कारहेड. एकदा ते कचरा उचकटत होतं आणि पॉलसनचं डोकं फिरलं, त्यानं त्याला काठी फेकून मारली. अस्वल वळलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, त्याच्या अगदी समोर, डोक्याच्या वर. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते खाली बसलं आणि परत कचऱ्याकडे गेलं. हा घरात गेला, बंदूक आणली, नेम धरला, आणि थांबला. त्यानं मला सोडलं, मी त्याला का मारतोय? बंदूक खाली.

आणि स्टॉर्म नावाचा म्हातारा कुत्रा. त्याला तोंडात काठी धरायला आवडायची, म्हणून पॉलसन वाटेत थांबला की त्याला काठी द्यायचा. स्टॉर्मनं काठी घेतली म्हणजे सगळं ठीक. घेतली नाही, तोंड फिरवलं, म्हणजे ओझं जास्त झालंय, मालक चुकतोय. माणूस कुत्र्याला विचारून गाडी हाकतोय असं दुसरं पुस्तक माझ्या वाचण्यात नाही. कुकी नावाची त्याची पुढारी कुत्री होती, हा एकदा बर्फ फुटून पाण्यात गेला तेव्हा तिनं बाकीच्या कुत्र्यांना ओढायला लावून त्याला वर काढलं. तिच्यावर वेगळं पुस्तक आहे.

शिकार, सापळे, मांस हे सगळं आहे. आमचं घर शाकाहारी, मुलीला चालेल का?

माझी भाची शाकाहारी घरातली आहे आणि तिला ब्रायन पहिला पक्षी मारतो तो भाग आवडला, कारण त्याला पिसं कशी काढायची हेच माहीत नसतं आणि दुकानात मिळणारं अन्न कुठून येतं हे त्याला पहिल्यांदा कळतं. पॉलसन मारण्याचं कौतुक करत नाही. विमानातल्या पेटीत ब्रायनला बंदूक सापडते तेव्हा त्याला आनंद होत नाही, उलट विचित्र वाटतं, की आता रानाची ओळख ठेवायची गरजच उरली नाही. तुमच्या मुलीशी बोलायला यातून भरपूर मिळेल.

फक्त जंगलाचीच पुस्तकं आहेत का?

नाही. 'नाइटजॉन' (१९९३) गुलामगिरीच्या काळातलं, बारा वर्षांच्या सार्नी नावाच्या गुलाम मुलीच्या तोंडून सांगितलेलं. लिहायला-वाचायला शिकणं हा गुन्हा, आणि पळून जाऊन स्वतंत्र झालेला नाइटजॉन फक्त इतरांना अक्षरं शिकवायला परत गुलामीत येतो. फार क्रूर प्रसंग आहेत, तेरा-चौदाच्या पुढे द्या. ज्या समाजात फुले दांपत्याच्या शाळेवर शेण आणि दगड पडले तिथल्या वाचकाला हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही.

'सोल्जर्स हार्ट' (१९९८) अमेरिकन यादवी युद्धातल्या चार्ली गोडार्डवर, वय खोटं सांगून भरती झालेला पंधरा वर्षांचा पोरगा, युद्धात मजा येईल म्हणून गेला आणि आतून मोडून परत आला. 'हॅरिस अँड मी' मात्र निव्वळ धमाल, शेतावरच्या दोन वांड पोरांची. 'लॉन बॉय' गवत कापायच्या मशीनवर धंदा उभा करणाऱ्या मुलाची, लहानग्यांसाठी मस्त.

मुलींची पात्रं कमी आहेत ना?

कमी आहेत, खरंय. सार्नी जबरदस्त आहे, पण एकूण पुस्तकं बघितली तर मुलगा आणि रान हेच जास्त. आणखी एक आक्षेप घेतला जातो तो 'डॉगसाँग'वर, अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या मुलाची गोष्ट बाहेरच्या माणसानं लिहिली म्हणून. तो आक्षेप मला रास्त वाटतो. मुलांना पुस्तक द्या आणि हेही सांगा.

पुरस्कार? सिनेमा?

'डॉगसाँग', 'हॅचेट' आणि 'द विंटर रूम' या तिन्हींना न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मान मिळाला, १९८६, १९८८ आणि १९९० मध्ये. १९९७ ला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार, तरुण वाचकांसाठी केलेल्या एकूण लेखनाबद्दल. 'हॅचेट'वर १९९० मध्ये 'अ क्राय इन द वाइल्ड' आला. 'विंटरडान्स'वरून डिस्नेनं 'स्नो डॉग्ज' (२००२) काढला, त्यात पुस्तकातलं नावापुरतंच उरलंय. आधी पुस्तक वाचा एवढंच सांगेन.

मोठ्यांसाठी का लिहीत राहिला नाही?

लिहिलं होतं, पण त्याचं मत स्पष्ट होतं की मोठ्यांसाठी लिहून काही हाती लागत नाही, ते गाडीचे हप्ते, घटस्फोट, नोकरी यात अडकलेले असतात, नवीन काही ऐकायला मोकळे नसतात. मुलं असतात. मुलांची पत्रं त्याला ढिगानं यायची.

ब्रायनची पुस्तकं कोणत्या क्रमानं वाचायची? 'ब्रायन्स विंटर'मध्ये गोंधळ होतो.

गोंधळ होणारच. 'हॅचेट'नंतर १९९१ ला 'द रिव्हर' आलं, त्यात सरकारी लोक ब्रायनला म्हणतात की तू कसा जगलास ते आम्हाला शिकव, म्हणून तो एका मानसशास्त्रज्ञाबरोबर परत रानात जातो, त्या माणसावर वीज पडते आणि ब्रायन त्याला तराफ्यावर घालून नदीतून नेतो. पण वाचकांची तक्रार आली की सुटका फार लवकर झाली, खरी परीक्षा हिवाळ्यात झाली असती. म्हणून १९९६ ला पॉलसननं 'ब्रायन्स विंटर' लिहिलं, ज्यात असं धरून चालायचं की ट्रान्समीटरचा सिग्नल कुणालाच मिळाला नाही आणि ब्रायन तिथेच राहिला. म्हणजे 'हॅचेट'चा शेवटचा भाग विसरायचा आणि तिथून पुढे वाचायचं. थंडीत कपडे कसे करायचे, बर्फावर चालायला पायात काय बांधायचं, गोठलेल्या रात्री झाडं बंदुकीसारखा आवाज करून का फुटतात, हे सगळं त्यात आहे आणि मला ते पाचांतलं सर्वात आवडतं. त्यानंतर 'ब्रायन्स रिटर्न' (१९९९), शहरात परतल्यावर त्याचं मन लागत नाही त्याची गोष्ट, आणि 'ब्रायन्स हंट' (२००३), ज्यात अस्वलानं केलेला हल्ला फार भीषण आहे, तेवढं एक मोठ्या मुलांसाठी मागे ठेवा. ही शेवटची दोन पुस्तकं हिवाळा घडला असं धरून पुढे जातात, त्यामुळे मधलं 'द रिव्हर' नाही वाचलं तरी धागा तुटत नाही. माझा क्रम हॅचेट, विंटर, रिटर्न, आणि 'द रिव्हर' कधीही, सुट्टीत.